सिस्टरनी विकलेली लिंक

माझ्या थोरल्या नणंदेने मला निदान चारशे वेळा तरी कुशीवर वळवलं असेल. हे मी कौतुकाने सांगत नाही, तक्रार म्हणून सांगते. मी प्रेसमध्ये दिवसभर मुद्रितं तपासायचे. संध्याकाळी मान मोडून घरी आले, की पाच मिनिटं टेकायला म्हणून खालच्या मजल्यावर वन्संच्या खोलीत डोकवायचे. माझा चहा अर्धा व्हायच्या आत त्या म्हणायच्या, "वहिनी, आलीच आहेस तर जरा आडवी हो." की मी चपला काढून त्यांच्या लोखंडी खाटेवर. मग त्या माझा उजवा हात छातीवर ठेवणार, उजवा गुडघा दुमडणार, डावा हात बाजूला काढणार आणि एक-दोन-तीन म्हणून मला डाव्या कुशीवर घेणार. एकदा तर अंथरुणात मुद्दाम पावाचा चुरा टाकून त्यांनी मला अर्धा तास निजवलं.

"कुठे टोचतंय?"

"सगळीकडे."

"सगळीकडे कसं टोचेल? नीट सांग."

नीट सांगितल्यावर त्या टेबलाशी जाऊन लिहायच्या. त्यांच्या वेबसाइटवर जे काही होतं ते असं आधी माझ्या पाठीवर झालेलं होतं.

वन्सं चौतीस वर्षं मोठ्या इस्पितळात नर्स होत्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "ड्युटीतून वेळच मिळाला नाही." दूधवाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत सगळे त्यांना सिस्टर म्हणत, आणि माझे यजमान, त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, तेसुद्धा चिडवायचं असलं की सिस्टरच म्हणत. स्वभाव करडा. खोलीत एक खाट, एक टेबल, इस्पितळाने मोडीत काढलेली चाकांची ट्रॉली, आणि भिंतीवर मोठ्या आकड्यांचं घड्याळ. चादरीला सुरकुती दिसली तर पाहुण्यालाही उठवायच्या.

त्यांच्या वॉर्डात एक पद्धत होती. जो पेशंट स्वतः हलू शकत नाही त्याच्या पायथ्याशी एक तक्ता टांगलेला असे. दर दोन तासांनी त्याला वळवायचं आणि तक्त्यावर वेळ, कुठली कूस, आणि टिक. वन्संचा नियम असा, की आधी वळवायचं, मग टिक. नवीन असताना त्यांनी एकदा पाहिलं, की बरोबरीच्या एका नर्सने पाळी सुरू होतानाच पुढच्या सगळ्या टिका एका दमात करून टाकल्या. वन्संनी तो तक्ता तिच्यासमोर फाडला. त्यावरून केवढा तरी तमाशा झाला आणि त्यांचीच दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. हा किस्सा त्यांनी मला इतक्यांदा ऐकवला, की मी तोंडपाठ म्हणून दाखवू शकेन. "हात लावल्याशिवाय टिक नाही," हे त्यातलं शेवटचं वाक्य.

वन्सं निवृत्त झाल्यावर माझे सासरे, म्हणजे त्यांचे वडील, अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. त्या अकरा महिन्यांत त्यांच्या पाठीवर लाल ठिपकासुद्धा उठला नाही. ते गेल्यावर आजूबाजूचे लोक विचारायला येऊ लागले. कुणाची आई, कुणाचा नवरा. प्रत्येकाला तेच तेच सांगून वन्संचा घसा बसायचा. तेव्हा माझ्या मुलीने त्यांना वेबसाइट काढून दिली. मुलगी त्याच कामात आहे, दुसऱ्या शहरात असते. वन्संनी दोन बोटांनी टाइप करायला शिकून घेतलं आणि पहिलं पान लिहिलं. मथळा होता, "झोपून झोपून पाठ सोलवटली तर काय करावं".

माझा जन्म मुद्रितं तपासण्यात गेलेला. मी म्हटलं, "वन्सं, सोलवटली काय? शय्याव्रण म्हणा."

"ज्याची आई आत विव्हळतेय, तो शय्याव्रण टाइप करणार आहे का?"

त्या बरोबर होत्या. माणसं घाबरलेली असतात तेव्हा तोंडात येईल तेच टाइप करतात, आणि वन्संनी त्यांच्या तोंडातलंच लिहिलं होतं. हळूहळू एका नर्सिंग कॉलेजने, दोन-तीन इस्पितळांनी, एका वृद्धाश्रमाने आपापल्या साइटवर त्यांच्या पानाची लिंक दिली. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांना पान पटलं म्हणून दिली. दोन वर्षांनी अशी वेळ आली, की सर्चमध्ये पाठ, जखम, झोपून, असं काहीही वेडंवाकडं टाइप करा, पहिल्या नंबरला आमच्या वन्सं. मला त्याचा इतका अभिमान होता, की प्रेसमध्ये आलेल्यागेलेल्याला मी ते उघडून दाखवायचे.

दिवसाला सहा-सात पत्रं यायची. वन्सं सगळ्यांना उत्तर द्यायच्या आणि प्रत्येक उत्तर एकाच प्रश्नाने सुरू व्हायचं. "लाल झालेल्या जागी बोटाने दाबून पाहा. बोट काढल्यावर पांढरं पडतं का?" पांढरं पडत असेल तर वेळ गेलेली नाही. पडत नसेल तर आत मार बसायला लागलाय, डॉक्टरला दाखवा. इतकं साधं. पण हे साधं त्या घटकेला सांगणारं कुणी लागतं, आणि ते कुणी म्हणजे त्या होत्या.

मग एका गृहस्थाचं पत्र आलं. पान वाचून त्याने बायकोला वळवलं, पण खालचा हात बाजूला काढायचा असतो हे त्याच्या लक्षात आलं नाही. हात अंगाखाली अडकला, चांगला काळानिळा पडला. त्याने तक्रार केली नव्हती, उलट आभारच मानले होते. वन्संना मात्र ते पत्र लागलं. "लिहून कळत नाही गं," त्या म्हणाल्या. "चित्रं हवीत. एकेका हाताचं वेगळं चित्र."

शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढणारी एक बाई मला प्रेसमुळे माहीत होती. तिने वीस चित्रांचे पैसे सांगितले. जास्त नव्हते, पण वन्संच्या पेन्शनला पेलणारे नव्हते. आम्ही देतो म्हटलं, तर त्यांनी फटकारलं. "भावाच्या पैशाने मी पेशंट वळवणार नाही." हा ताठा आमच्या घरात सगळ्यांनाच आहे. त्या दिवशी मी अजून थोडा आग्रह धरायला हवा होता. मी धरला नाही. मलाही राग आला होता.

त्याच सुमारास लिंक मिळवून देणाऱ्या एका एजंटाच्या ईमेल यायला लागल्या. "आदरणीय मॅडम, आपलं पान आम्हाला अतिशय आवडलं." पुढे असं, की आमच्या ग्राहकांच्या तीन साइट आहेत, आपल्या पानात तीन ठिकाणी दोन-तीन शब्दांना त्यांची लिंक द्यावी, आम्ही योग्य मोबदला देऊ. एक साइट भाड्याने खाटा देणारी, एक चादरी-रबरशीट विकणारी, आणि एक पावडरीची. अट एकच. लिंक साधी हवी, ती पैसे घेऊन दिलेली आहे अशी कुठलीही खूण नको.

पहिली दोन पत्रं वन्संनी पुसून टाकली. तिसऱ्याला उत्तर दिलं. पावडरवाल्याला "जखमेवर खात्रीचा उपाय" या शब्दांना लिंक हवी होती. वन्सं म्हणाल्या, असं मी मुळीच लिहिणार नाही. घासाघीस होऊन ठरलं, की "त्वचा कोरडी राहावी म्हणून पावडर" एवढंच लिहायचं आणि "पावडर" या शब्दाला लिंक. वन्संना वाटलं, आपण जिंकलो. त्यांनी त्या साइटचं पहिलं पान उघडलं, त्यावर एक हसऱ्या चेहऱ्याची म्हातारी आणि पांढरा डबा होता. ते पाहून त्यांनी बंद केलं. खाली सरकवून वाचलं नाही.

"खोटं काही नाही ना यात?" त्यांनी मला विचारलं.

मी ते वाक्य वाचलं. नेहमीसारखं, पेन्सिल हातात घेऊन. एक स्वल्पविराम जास्तीचा होता, तो काढला. लिंक कुठे जाते ते मीही उघडून पाहिलं नाही. चौतीस वर्षांची नर्स आणि तीस वर्षांची मुद्रितशोधक, दोघी शहाण्या त्या टेबलाशी बसलो होतो. त्या संध्याकाळी त्यांनी मला खाटेवर आडवं व्हायला सांगितलं नाही. पावडर माझ्या पाठीवर आलीच नाही, हे तेव्हा आमच्यापैकी एकीच्याही लक्षात आलं नाही.

चित्रं झाली. सुरेख झाली. त्यातल्या आजारी बाईचं नाक माझ्यासारखं आहे, कारण चित्रकार बाईसमोर मीच आडवी झाले होते. वन्सं ती चित्रं पुन्हा पुन्हा उघडून पाहायच्या, अगदी नव्या बाळाला पाहावं तशा.

दोन-अडीच महिन्यांनी पत्रं कमी झाली. सहाची तीन, मग दोन, मग दोन दोन दिवस एकही नाही. वन्संना आधी बरंच वाटलं. "चित्रांमुळे लोकांना कळायला लागलं वाटतं," त्या म्हणाल्या. "विचारायची गरजच राहिली नाही." मीही मान डोलावली. माणसाला आपल्या सोयीचं पटायला वेळ लागत नाही.

एका दुपारी पत्र आलं ते लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका माणसाचं. आमच्याच शहरातला. चार ओळींचं होतं. "सिस्टर, तुमचं पान वाचून मी आईला सहा महिने दर दोन तासांनी वळवत होतो. मग तुमची पावडर आणली. आता माकडहाडाशी खड्डा पडलाय आणि वास येतो. पावडर वाढवू का? तुमचं पान आता सर्चमध्ये सापडत नाही, वर सगळी पावडरच येते, म्हणून जुन्या मोबाइलमध्ये शोधून लिहितोय."

वन्संनी ते वाचलं आणि मला हाक मारली. मी खाली आले तेव्हा त्या उभ्या होत्या.

"तुमची पावडर," त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हा म्हणतो, तुमची पावडर."

मग आम्ही ती लिंक उघडली. या वेळी शेवटपर्यंत. हसऱ्या म्हातारीच्या खाली सरकवत गेलो, तर तिथे ठळक अक्षरात होतं, की आता रुग्णाला वारंवार वळवण्याची गरज नाही, सकाळ-संध्याकाळ पावडर शिंपडा आणि आपणही निवांत झोपा. वन्सं खुर्चीत बसल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी घाबरले, पाणी आणलं, ते त्यांनी घेतलं नाही.

मी मुलीला फोन लावला. तिने तिथून साइटची मागची बाजू उघडली. सर्चवाल्यांची नोटीस पाच आठवड्यांपासून तिथे पडून होती. ज्या खात्यावर ती आली ते वन्संनी कधी उघडलंच नव्हतं. तुमच्या साइटवरून बाहेर जाणाऱ्या काही लिंक पैसे घेऊन दिल्यासारख्या दिसतात, त्यामुळे तुमच्या साइटवर कारवाई केली आहे, असा मजकूर.

"आत्या, तू लिंक दिलीस म्हणजे सर्चच्या लेखी शिफारस केलीस," मुलगी फोनवर म्हणाली. "पैसे घेतले तरी हरकत नसते, पण मग लिंकवर तशी खूण घालायची. खूण असली की ते ती शिफारस धरत नाहीत. त्या माणसाने खूण नको म्हटलं ना?"

"हो."

"म्हणजे त्याला जाहिरात नकोच होती गं. तुझं वजन हवं होतं. तुझ्यासारख्या अजून दहा जणांकडून घेतलं असेल, म्हणून तो पावडरवाला वर चढला. आणि तू विकतेस म्हटल्यावर तुझ्या शब्दाची किंमत त्यांनी कमी केली, म्हणून तू खाली."

वन्संनी हसऱ्या म्हातारीचं ते पान बंद केलं. मग म्हणाल्या, "टिक केली मी. हात न लावता."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी त्या लिफ्टवाल्याच्या घरी गेलो. दोन बस बदलून. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, आणि गंमत अशी की त्या इमारतीला लिफ्टच नव्हती. तो साधारण पन्नाशीचा, अंगात कामाचा निळा शर्ट, दाराशी हत्यारांची पेटी. आई खिडकीशी निजलेली होती, मुठीएवढी. उशाशी पांढरा डबा. मला वाटलं होतं, हा माणूस आमच्यावर ओरडेल. त्याने आमच्यासाठी खुर्च्या पुसल्या.

वन्संनी हात धुतले, म्हातारीला हलकेच वळवलं आणि पाहिलं. मी पाहू शकले नाही, तोंड फिरवलं. त्यांनी लगेच फोन करून इस्पितळात सोय लावली. गाडी येईपर्यंत त्या म्हातारीचा हात धरून बसल्या.

"रात्रीचं वळवणं कधी थांबवलंत?" त्यांनी लिफ्टवाल्याला विचारलं.

"तीन महिने झाले. दिवसा कामातून मधे मधे धावत घरी यायचं, रात्री दर दोन तासांनी उठायचं, सिस्टर, डोकं फुटायची वेळ आली होती. तिथे लिहिलं होतं गरज नाही. आणि ते तुम्हीच सांगितलेलं, म्हणून विश्वास ठेवला."

त्या वेळी वन्संना गप्प राहता आलं असतं. मीसुद्धा डोळ्यांनी खुणावलं, की आत्ता नको. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही.

"ते मी सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "ती लिंक मी विकली होती. पैसे घेऊन. मी स्वतः ते वाचलंही नव्हतं. तुमच्या आईची जखम माझ्यामुळे आहे."

त्याला नीट कळलं की नाही कोण जाणे. म्हातारीने मात्र डोळे उघडले. ती म्हणाली, "मला वाटलं, पोरगा कंटाळला माझ्याला. म्हणून वळवत नाही."

"नाही गं आई," तो म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

म्हातारी पाच आठवडे इस्पितळात होती. वन्सं रोज जायच्या. जखम भरत आली होती, पण पुरती भरायच्या आधीच ती गेली. डॉक्टरांनी हृदयाचं कारण लिहिलं. वन्संनी तो कागद दोनदा वाचून परत दिला. डॉक्टरांवर त्यांचा विश्वास बसला असं मला कधी वाटलं नाही.

साइटवरच्या तिन्ही लिंक त्यांनी त्याच दिवशी काढल्या होत्या. घेतलेले पैसे परत पाठवले. पैसे आम्हीच दिले, आणि या वेळी त्यांनी मुकाट्याने घेतले. त्याचंच मला सगळ्यात वाईट वाटलं. लिंकवाल्याने धमक्यांची दोन पत्रं पाठवली, मग तोही थकला. पण वन्सं तेवढ्यावर थांबल्या नाहीत. साइटवर जितक्या म्हणून लिंक होत्या त्या सगळ्या त्यांनी एकेक उघडून, शेवटच्या ओळीपर्यंत वाचून तपासल्या. मी शेजारी बसून यादी करत होते. तीन आठवडे लागले.

मग सर्चवाल्यांना फेरविचाराचा अर्ज लिहायचा होता. मी एक झकास मसुदा केला. "अनवधानाने झालेल्या त्रुटीबद्दल" वगैरे. वन्संनी तो वाचला आणि बाजूला ठेवला. वॉर्डात काही चूक घडली की नर्सला जसा रिपोर्ट लिहावा लागतो, तसा त्यांनी लिहिला. अमुक तारखेला मी पैसे घेऊन तीन लिंक दिल्या. खूण घातली नाही. लिंक कुठे जाते ते वाचलं नाही. त्यामुळे एका रुग्णाला जखम झाली. अमुक तारखेला लिंक काढल्या. खाली नाव आणि नोंदणी क्रमांक. मी म्हटलं, "वन्सं, जखमेचं त्यांना कशाला? त्यांना लिंकशी मतलब." त्या म्हणाल्या, "रिपोर्ट कुणाला हवा म्हणून लिहितात का?"

सतरा दिवसांनी उत्तर आलं. कारवाई मागे घेतली होती. पेढे वाटावेत अशा आनंदात मी खाली धावले. वन्संनी सर्चमध्ये ते शब्द टाइप केले. पावडर पहिली. दुसरी पण पावडर, वेगळ्या डब्यातली. आमचं पान सापडेपर्यंत मी सरकवून सरकवून थकले. मुलगी म्हणाली, शिक्षा उठली म्हणजे जुनी जागा परत मिळते असं नाही. मधल्या काळात दुसऱ्यांनी जागा धरल्यात, तुला पहिल्यापासून चढावं लागेल. वन्सं तेव्हा बहात्तर वर्षांच्या होत्या.

त्यांनी अजून एक गोष्ट केली, आणि तिच्यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्या पानाच्या अगदी वर, मथळ्याच्याही आधी, त्यांनी लिहिलं, "या पानावर काही काळ एका पावडरीची लिंक होती. ती मी पैसे घेऊन दिली होती. पावडरीने वळवण्याचं काम होत नाही. ती वाचून तुम्ही वळवणं थांबवलं असेल तर आज, आत्ता पुन्हा सुरू करा आणि मला फोन करा." खाली नंबर. मी म्हटलं, आपली अब्रू आपणच चव्हाट्यावर का मांडता? लोक वरचं वाचून पळून जातील, खालचं कुणी वाचणार नाही. मुलगीही तेच म्हणाली, यजमानही. त्या एवढंच म्हणाल्या, "तक्ता खोटा असला की आधी तो फाडायचा." त्या दिवशी मला त्यांचा इतका राग आला, की आठवडाभर मी खाली गेले नाही.

तीन वर्षांनी न्हाणीघरात पाय घसरून वन्संचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण त्या परत उभ्या राहिल्या नाहीत. आता त्या त्यांच्याच खाटेवर आणि वळवणारी मी. पायथ्याशी तक्ता. एकदा मला बँकेत जायचं होतं, घाईत मी त्यांना वळवायच्या आधीच टिक केली. त्यांना मान उचलता येत नव्हती, तरी त्यांना पेन्सिलीचा आवाज ऐकू आला. "वहिनी," त्या म्हणाल्या. एवढंच. मी टिक खोडली, त्यांना वळवलं आणि पुन्हा केली.

माझीच पाठ धरायला लागली तेव्हा आम्ही दिवसा एक बाई ठेवली. चाळिशीची, बोलायला मोकळी. तिला आमची काही माहिती नव्हती, सिस्टर हा शब्दही आम्ही तिच्यासमोर उच्चारला नव्हता. पहिल्याच दिवशी तिने वन्संना वळवताना खालचा हात आधी बाजूला काढला, गुडघ्यांमध्ये उशी दिली, टाचा गादीवरून अधांतरी राहतील असं पोटऱ्यांखाली फडकं घातलं आणि लाल जागेवर बोट दाबून पाहिलं. मी बघतच राहिले.

"कुठे शिकलात हो?" मी विचारलं.

"माझ्या सासूला झालं होतं तेव्हा नेटवर एक पान सापडलं, ताई. चित्रं आहेत त्यात, एकेक हात वेगळा दाखवलाय." तिने माझ्या नाकाकडे जरा निरखून पाहिलं. "पानाच्या वरतीच त्या बाईंनी स्वतःची चूक लिहिली आहे. पैसे घेतले म्हणून. मला वाटलं, जी एवढं लिहिते ती खाली खोटं लिहिणार नाही. बाकी सगळं सोडून तेच केलं. सासूला एक जखम झाली नाही."

माझे डोळे भरून आले. मी वन्संकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी या सुटतील.

"कितव्या नंबरला सापडलं?" वन्संनी विचारलं. आवाज खोल गेलेला होता, बाईला दोनदा ऐकावं लागलं.

"नंबर? फार खाली होतं, आजी. चाळिसावं तरी असेल. मी आपली शोधत गेले. वर सगळं पावडरीचंच होतं."

वन्सं छताकडे बघत होत्या.

"जे वरच थांबतात," त्या म्हणाल्या, "त्यांच्या सासवांचं काय?"

बाईने माझ्याकडे पाहिलं. घड्याळात दोन वाजले होते. आम्ही दोघींनी मिळून वन्संना डाव्या कुशीवर घेतलं, उशी दिली, चादर ओढून सरळ केली. मग मी पायथ्याशी गेले आणि टिक केली.